संदर्भातलं साल

स्थापत्य अभियांत्रिकीच्या शोधनिबंधात ‘आयएस 1893’ एवढाच संदर्भ असेल आणि पुढे साल नसेल, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. भूकंपरोधक बांधकामाचं हे भारतीय मानक 1962 साली आलं, 1966मध्ये सुधारलं गेलं. 11 डिसेंबर 1967ला कोयनेचा भूकंप झाला आणि 1970च्या आवृत्तीत देशातल्या भूकंप विभागांचा नकाशा नव्याने आखावा लागला. 1984च्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे तिथे काय झालं, हे महाराष्ट्राला सांगायला नको. 2002च्या आवृत्तीत पहिला विभागच काढून टाकला गेला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात आली. मानकाचा क्रमांक तोच, पण आत नकाशा वेगळा, आणि त्यावरून काढलेलं भूकंपाचं बलही वेगळं.

काँक्रीटचं ‘आयएस 456’ घ्या. 1978च्या आवृत्तीत प्रबलित काँक्रीटसाठी एम 15 ही प्रत चालत होती. 2000च्या आवृत्तीने किमान एम 20 मागितली. संदर्भातले चार आकडे गाळले की लेखकाने कोणत्या काँक्रीटबद्दल लिहिलंय हेच संदिग्ध होतं. प्रकाशकाचं नावही काळाप्रमाणे लिहायचं असतं: 1987च्या आधी भारतीय मानक संस्था, नंतर भारतीय मानक ब्यूरो. प्रबंधांचं तेच. 1980 सालचा प्रबंध पुणे विद्यापीठाचा. ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ हे नाव 2014चं. मूळ प्रतीवर जे छापलंय ते लिहायचं, कारण पुढचा माणूस त्याच नावाने ती प्रत शोधणार आहे. संदर्भांची मांडणी ही कारकुनी आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही ते यासाठी.

गेल्या चार-पाच दशकांत या कामाची रीत मात्र पार बदलली. टाइपरायटरच्या काळात प्रत्येक संदर्भाचं एक कार्ड असायचं. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची आयईईईची पद्धत क्रमांकांची: मजकुरात चौकटी कंसात आकडा, आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. वाचायला ती सुटसुटीत, पण परीक्षकाने तिसऱ्या परिच्छेदात एक संदर्भ वाढवायला सांगितला की पुढचे सगळे आकडे बदलायचे आणि पानंच्या पानं पुन्हा टंकायची. स्थापत्यवाल्यांना हा त्रास नव्हता. एएससीई या अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेची नियतकालिकं लेखकाचं आडनाव आणि साल मागतात, यादी वर्णानुक्रमे लागते, आणि नवी नोंद मधे घालता येते. ही रीत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या 1881च्या निबंधात पहिल्यांदा दिसते असं मानतात. तो निबंध शंख नसलेल्या गोगलगाईवर होता! तिथून ती पुलांच्या आणि धरणांच्या निबंधांपर्यंत पोहोचली. मला स्वतःला हीच पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. वाक्य वाचतानाच साल डोळ्यांसमोर येतं, आणि दावा तीस वर्षांपूर्वीच्या प्रयोगावर उभा आहे की कालच्या, हे पान न उलटता कळतं.

1985मध्ये ओरेन पटाश्निक यांनी बिबटेक्स हे संदर्भयादीचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि आकडे बदलण्याची कटकट संपली. नोंद एकदाच करायची. ती कोणत्या नियतकालिकाच्या शैलीत छापायची ते वेगळी फाइल ठरवते. त्याचे काही हट्ट होतेच. कित्येक शैलींमध्ये शीर्षकातली मोठी अक्षरं ते सरसकट लहान करतं, त्यामुळे कालमन फिल्टरमधल्या कालमनसारखी विशेषनामं महिरपी कंसात जपून ठेवावी लागतात. पुढे एंडनोट, 2006मध्ये झोटेरो, 2008मध्ये मेंडेली आलं, आणि एका क्लिकवर यादी तयार होऊ लागली.

तयार नोंद मिळू लागली, तशी मूळ निबंध उघडण्याची गरजही वाटेनाशी झाली. खरं तर ही सवय यंत्रांच्याही आधीची आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाचे सुमारे 4300 उल्लेख तपासले. त्यांत 196 ठिकाणी खंडाच्या, पृष्ठाच्या किंवा सालाच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका अवघ्या 45. पृष्ठक्रमांकाची एकच चूक 78 वेळा जशीच्या तशी आली होती. म्हणजे नोंद दुसऱ्याच्या यादीतून उतरवलेली. संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा मूळ निबंध वाचतो, असा त्यांचा अंदाज होता.

याहून बोलकं प्रकरण 2017मध्ये उजेडात आलं. एल्सव्हिअरच्या लेखकांसाठीच्या नमुन्यात, नोंद कशी दिसावी हे दाखवायला, वान डेर गेर आणि इतर दोघांच्या नावावर वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवरचा एक काल्पनिक निबंध दिलेला होता. असा निबंध कुणी लिहिलाच नव्हता, तसं नियतकालिकही नव्हतं. तरी जवळपास चारशे शोधनिबंधांच्या याद्यांत तो जाऊन बसला. नमुन्यातली ती ओळ पुसायची राहून गेली, आणि लेखक, परीक्षक, संपादक यांपैकी कुणीही ती वाचली नाही. स्वल्पविराम मात्र सगळे जागच्या जागी होते.

चांगले बदलही झाले, आणि त्यांचं मोल मोठं आहे. 2000 साली क्रॉसरेफ सुरू झालं आणि डीओआयमुळे शोधनिबंधाला कायमचा पत्ता मिळाला. संकेतस्थळ बदललं तरी तो पत्ता चालतो. 2012मध्ये ऑर्किड आलं, लेखकाला सोळा अंकी ओळख देणारं. मराठी नावांना याची गरज फार होती. सचिन, सुनीता, संदीप, सगळेच संदर्भात ‘एस. पाटील’ होतात, आणि कोणाचं काम कोणाच्या खात्यावर जाईल याचा नेम नसतो. तमिळ लेखकांचे हाल निराळे. अनेकांना आडनावच नसतं, आणि सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव समजून नाव उलटंपालटं करतं.

2022च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. आता नमुन्यातल्या त्या निबंधासारखे संदर्भ कुणालाही हवे तितके मिळतात: लेखक खरे वाटणारे, नियतकालिकाचं नाव खरं, खंड आणि पृष्ठं नेटकी, आणि निबंध अस्तित्वातच नाही. पूर्वी गबाळी यादी पाहून परीक्षक सावध व्हायचा. आता यादी नेहमीच सुबक असते, त्यामुळे तिच्या रूपावरून काहीच ताडता येत नाही.

अनेक प्रकाशक आता पहिल्या सादरीकरणाला कोणतीही एकसारखी शैली चालवून घेतात. सजावट नंतर त्यांच्याकडे होते. आपल्या विद्यापीठांनीही पीएचडीच्या प्रबंधांना हीच मोकळीक द्यावी. विद्यार्थ्याचे तिरप्या अक्षरांमागे जाणारे दिवस वाचतील. मग तोंडी परीक्षेत यादीतला कोणताही एक क्रमांक विचारावा, आणि विद्यार्थ्याने तो निबंध, अहवाल किंवा मानक टेबलावर ठेवून आपण घेतलेला आकडा कोणत्या पानावर आहे ते दाखवावं.