राहुरीचं आजारी रान

शेतकरी ज्या बुरशीला जन्मभर रानाबाहेर ठेवू पाहतो, तीच राहुरीत मुद्दाम पोसली जाते. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. त्याच्या कडधान्य सुधार प्रकल्पात हरभऱ्याच्या मर रोगाची परीक्षा घेणारा ‘सिक प्लॉट’, म्हणजे आजारी रान, आहे. असा प्लॉट तयार करायचा तर चांगल्या शेतीचे सगळे नियम उलटे पाळावे लागतात: फेरपालट करायची नाही, हरभऱ्यावर हरभराच घ्यायचा, मेलेली रोपं त्याच मातीत गाडायची. मर रोगाच्या या बुरशीचे, म्हणजे फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमचे, जाड कवचाचे बीजाणू पीक नसतानाही मातीत वर्षानुवर्षं तग धरतात.

दर काही ओळींनंतर जेजी-६२ पेरतात. हा वाण मर रोगाला हमखास बळी पडतो आणि त्यासाठीच जपला जातो. तो जगला, तर त्या हंगामाची चाचणीच बाद! पानं माना टाकतात, खोड उभं चिरलं की आतली पाणी वाहणारी नळी तपकिरी-काळी दिसते. शेजारच्या ओळीत जे हिरवं उरतं, त्यातून पुढचा वाण निघतो. विजय, दिग्विजय ही राहुरीची मर रोधक नावं महाराष्ट्राला परिचित आहेत. नावांत विजय एवढा का, हे जेजी-६२ च्या ओळी पाहिल्या की कळतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तर जेजी-६२ आणि विजय यांचाच संकर घेऊन रोधाच्या जनुकांचा माग काढला.

पण हा रोध चालतो कसा? झाडाला ना रक्त, ना फिरत्या पांढऱ्या पेशी. शत्रू ओळखायचा तो प्रत्येक पेशीने स्वतः. त्यासाठी वनस्पतींकडे शेकडो प्रथिनं असतात आणि त्यांतल्या बहुतेकांत एक ठरावीक भाग असतो. वीस-तीस अमिनो आम्लांचा तुकडा, त्यात ल्युसीन हे अमिनो आम्ल ठरावीक जागी, आणि तोच तुकडा थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा. ल्युसीन आत दडतात आणि साखळी वाकत जाते. १९९३ मध्ये कोबे आणि डायझेनहोफर या शास्त्रज्ञांनी डुकराच्या एका प्रथिनात ही रचना प्रथम स्पष्ट पाहिली: हुबेहूब घोड्याचा नाल. आतला सांगाडा तोच राहतो, पृष्ठभागावरची अमिनो आम्लं बदलतात. त्यामुळे एकाच घडणीतून निरनिराळ्या शत्रूंसाठी निरनिराळे पहारेकरी तयार होतात.

हरभऱ्यातलं चित्र अजून पुरतं उलगडलेलं नाही. टोमॅटोत मात्र आय-२ हे जनुक हाती लागलं आहे. याच जातीच्या बुरशीचा टोमॅटोवर पडणारा प्रकार झाडाच्या नळीत एव्हीआर-२ नावाचं प्रथिन सोडतो. आय-२ चं ल्युसीनबहुल प्रथिन असलेल्या झाडाला त्याची चाहूल लागते आणि ते बचावाला उभं राहतं.

हीच घडण आपल्यातही आहे. टीएलआर-५ हे आपलं प्रथिन जिवाणूंच्या शेपटीचं प्रथिन ओळखतं. ही रचना बिघडली की काय होतं, ते २००१ मध्ये दिसलं: क्रोन या आतड्याच्या आजाराशी जोडले गेलेले एनओडी-२ जनुकातले मुख्य बदल नेमके ल्युसीनबहुल भागात किंवा त्याच्या लगत निघाले. पहारा ढिला पडला तरी आजार, आणि पहारेकरी उगाच भडकला तरी आजार.

राहुरीच्या रानाची मर्यादाही शत्रू ओळखण्याच्या या पद्धतीतच आहे. हरभऱ्यावरच्या या बुरशीचे आठ वंश, म्हणजे उपप्रकार, नोंदले गेले आहेत. एकाला ओळखणारा वाण दुसऱ्यापुढे आंधळा ठरू शकतो. त्यामुळे राहुरीत टिकलेला वाण देशातल्या इतर केंद्रांच्या आजारी रानांतही पेरून पाहतात. आणि वाण रोधक असला, तरी पेरणीआधी किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळायची शिफारस कायम आहे.