कॅमेरा चालू, पण घर दिसेना!

समजा जळगावचं घर बंद करून सगळे धुळ्याला लग्नाला गेलेत. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर कालच नव्या कॉम्प्युटरवर टाकलंय. घरी चित्र छान दिसत होतं, धुळ्यात मोबाईलवर मात्र काहीच नाही. असं का?

जुन्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१० होता. राउटर बाहेरची रिक्वेस्ट अजून तिथेच पाठवतो. नव्याला मिळालाय १९२.१६८.१.१५! म्हणून घर सोडण्याआधीच तपासा:

१) कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’ देऊन नवा पत्ता बघा, राउटरमध्ये तो कायमचा राखून ठेवा.
२) पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये हाच पत्ता टाका.
३) विंडोज फायरवॉलमध्ये सॉफ्टवेअरला परवानगी द्या. जुन्या मशीनवरची परवानगी इथे चालत नाही.
४) वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा.

तरीही नाही? राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग नाही. इंटरनेट कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागा.

आणि हो, कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड आधी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ने असे पासवर्ड वापरूनच लाखो कॅमेरे, राउटर ताब्यात घेतले होते. आपण उघडलेल्या दारातून चोरही आत येऊ शकतो!