गोळी एकीकडे, आवाज भलतीकडे

आमच्या स्टुडिओत साउंडला नवा असिस्टंट आला की त्याला पहिल्या रात्री मी एकच काम देते. एका जुन्या अमेरिकन मालिकेची सुरुवातीची काही मिनिटं टाइमलाइनवर टाकते आणि म्हणते, "यात गाडीचे, रस्त्याचे आवाज राहून गेलेत. भर बरं."

मालिका 'कोलंबो', भाग 'मर्डर बाय द बुक'. १५ सप्टेंबर १९७१ रोजी तो एनबीसीवर दाखवला गेला. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा चोवीस वर्षांचा होता, 'जॉज' यायला अजून चार वर्षं होती. लेखक स्टीव्हन बॉचको, ज्यानं पुढे 'हिल स्ट्रीट ब्लूज' आणली. म्हणजे उमेदवारी करणाऱ्या दोन पोरांचं हे काम.

लॉस एंजलिसच्या रस्त्यावरून एक गाडी चाललीय. उंच इमारतीतल्या ऑफिसात एक जण टाइप करत बसलाय. गाडीत केन फ्रँकलिन, टाइपरायटरपाशी जिम फेरिस. दोघं जोडीनं रहस्यकथा लिहितात, म्हणजे पुस्तकावर नाव दोघांचं, लिहितो एकटा जिम. आता त्याला ही भागीदारी मोडायची आहे. पडद्यावर कधी गाडी दिसते, कधी खोली. आवाज मात्र एकच, टाइपरायटरचा. गाडीला इंजिन नाही, रस्त्याला रहदारी नाही, गाडीतून उतरलेल्या केनच्या बुटांनाही आवाज नाही. केन दारात येऊन उभा राहीपर्यंत नुसतं खट खट, खटाखट.

असिस्टंट बिचारा निमूट लायब्ररी उघडतो. इंजिन टाकतो, गाडीचं दार टाकतो, पावलं टाकतो. हॉर्न जरा जास्तच टाकतो. त्याच्या कानात अंधेरीचा सिग्नल बसलेला असतो, त्याला कोण काय करणार? तासाभरात सगळं तयार, सिंकला चोख. मग मी त्याचं काम आणि मूळ पाठोपाठ ऐकवते. त्याच्यात एक माणूस गाडी घेऊन ऑफिसला येतो. मूळ भागात मात्र गाडीतला माणूस अजून खाली रस्त्यावर असतानाच वर टाइप करणाऱ्याच्या मानगुटीवर बसलेला वाटतो. डोळे रस्त्यावर, कान खोलीत. खोलीतून कान सुटत नाही. बहुतेक पोरं गप्प होतात. एकजण म्हणाला, "मॅडम, मग मी काय करायचं होतं?" काहीच नाही. तेच तर शिकायला दोन वर्षं जातात.

टाइपरायटरचा आवाज सोपा नाही बरं का. एका मालिकेसाठी आम्हाला तो हवा होता आणि लायब्ररीतला सगळा माल पत्र्यावर चणे पडल्यासारखा वाजत होता. शेवटी कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका काकांचं गोदरेज मशीन रविवारी स्टुडिओत आणलं. पहिला टेक ऐकला तर मशीन कमी आणि टेबल जास्त. खाली चौघडी टॉवेल घातला तेव्हा कुठे नुसतं मशीन ऐकू आलं. कळ दाबल्याचा बोटाखालचा बोदा आवाज, मग दांडा कागदावर आपटल्याचा कोरडा ठोका, ओळ संपता संपता घंटी, आणि कॅरेज मागे ढकलताना होणारी करकर. काका म्हणाले, "काय टाइप करू?" म्हटलं, काहीही. त्यांनी प्रतिज्ञापत्र टाइप केलं. मजा अशी की खरा मजकूर टाइप करताना हात मध्येच थबकतो, विचार करतो, पुन्हा धावतो. उगाच कळा बडवल्या की ते थबकणं येत नाही आणि कान लगेच ओळखतो.

हा भाग मी इतक्या वेळा बघितला, तरी एक गोष्ट लक्षात यायला फार उशीर झाला. केन जिमला गोडीगुलाबीनं दूर सॅन दिएगोकडच्या आपल्या बंगल्यावर नेतो. तिथून त्याला बायकोला, जोआनाला, फोन करायला लावतो: ऑफिसातच आहे, काम लांबलंय, उशीर होईल. बोलणं चालू असतानाच गोळी घालतो. जोआना गोळी स्वतःच्या कानानं ऐकते आणि पोलिसांना सांगते, नवरा ऑफिसात होता. ती खोटं बोलत नाही. आवाज खरा, जागा खोटी. म्हणजे खुन्यानं केलं काय, तर एका जागेचा आवाज उचलून दुसऱ्या जागेच्या चित्राखाली लावला. हे तर आमचं रोजचं काम! आणि स्पीलबर्गनं सुरुवातीला गाडीच्या चित्राखाली खोलीतला टाइपरायटर लावून हीच युक्ती आधीच आपल्यावर करून घेतलेली असते. मुद्दाम की सहज, कोण जाणे. मला मुद्दाम वाटते.

माझी एक फजितीही याच जातीची. एका गुन्हेविषयक मालिकेत संशयित फोनवर सांगतो, मी नागपुरात आहे. मागून लोकल जाते. तपासाचा धागा तोच. प्रॉडक्शनचा साउंड गचाळ होता, पहाटे चारला एपिसोड चॅनेलला पाठवायचा होता, आणि मी नॉइज रिडक्शन लावून डायलॉग आरशासारखा लख्ख केला. लोकलसकट. टेलिकास्टला इन्स्पेक्टर ऐटीत म्हणाला, नागपुरात लोकल कधीपासून धावायला लागली? घरोघरी लोकांनी एकमेकांकडे बघितलं असणार. आईचा फोन आलाच: "कुठली गं लोकल?"

मालिकेचा नायक, पोलीस डिटेक्टिव्ह कोलंबो, या भागात येतो तोही आवाज न करता. सायरन नाही, धावपळ नाही. जोआना पाणी प्यायला जाते तेव्हा चुरगळलेल्या रेनकोटातला कोलंबो, म्हणजे पीटर फॉक, तिच्याजवळ येऊन उभा राहतो. मग तिला घरी पोचवतो आणि तिच्या स्वयंपाकघरात ऑम्लेट करतो. अंडी फोडता फोडता विचारपूस. मुंबई दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'वर वाढलेल्या मला हा पोलीस आधी पोलीस वाटलाच नव्हता. पण त्याची नजर बघा: जिमचं प्रेत केनच्याच घरासमोर हिरवळीवर सापडतं, आणि तशात केन आपलं टपाल फोडतो. कोलंबोला ते खटकतं. आपल्याकडे या जागी तीनदा झूम आणि तीनदा 'ढॅण' झालं असतं. दरवेळी शिव्या घालत ते 'ढॅण' मीच टाकते, हेही कबूल करते.

भाग निर्दोष नाही. बंगल्याजवळची दुकानदारीण, लिली ला सांका, केनला जिमबरोबर बघते, पैसे मागते, आणि तिचाही खून होतो. पण तो अगदी ठोकळेबाज. कोलंबो अर्थात त्यावरच बोट ठेवतो: पहिला खून इतका हुशार आणि दुसरा इतका भोंगळ, दोन्ही एकाच डोक्यातून कसे? शेवटचा पुरावा तर वकिलानं दोन मिनिटांत फाडला असता. जिमच्या कागदांत एका कथेची कल्पना टिपलेली सापडते, फोनसकट हाच खून. केन हरतो, पण जाता जाता सांगतो की ती कल्पना त्याची स्वतःची होती, आयुष्यात सुचलेली एकुलती एक चांगली. पाच वर्षांपूर्वी सहज बोलून गेला होता. जिमनं ती लिहून ठेवली.

भाग मिळाला तर सुरुवात आधी हेडफोन लावून बघा आणि लगेच पुन्हा एकदा, आवाज पूर्ण बंद करून. आमच्याकडच्या असिस्टंटला या दुसऱ्या खेपेला कळतं.