एकाच छपराखाली घर आणि गॅरेज

अमेरिकन शेतावरचे बार्न म्हणजे गोठा, चाऱ्याचा माळा आणि अवजारांची खोली यांना एकत्र सामावणारी उंच आढ्याची इमारत. त्याच घाटाचे, दुपाखी पत्र्याच्या छपराचे राहते घर बांधायचे आणि त्याला लागूनच चार-सहा गाड्या, ट्रॅक्टर, बोट, शिवाय एखादी कार्यशाळा मावेल एवढे गॅरेज ठेवायचे, ही पद्धत आता तिथे ‘बार्नडोमिनियम’ या नावाने ओळखली जाते. १९८९ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या एका बांधकाम व्यावसायिकाने घोडेप्रेमींच्या वसाहतीसाठी हे नाव वापरले. पुढे टेक्सास-ओक्लाहोमाच्या ग्रामीण भागात शेडच्या एका टोकाला राहण्याच्या खोल्या काढण्याची रीत रुजली. २०१६ मध्ये ‘फिक्सर अपर’ या टीव्ही मालिकेने टेक्सासमधल्या वेको परिसरातले असे एक घर दाखवले आणि शेतीशी काही संबंध नसलेली कुटुंबेही त्याचे आराखडे शोधू लागली.

घर आणि कोठार जोडण्याची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मेन आणि न्यू हॅम्पशायर राज्यांतले शेतकरी राहते घर, स्वयंपाकघर, लाकडाची खोली आणि बार्न एका रांगेत जोडून बांधत, म्हणजे भर हिवाळ्यातही बर्फात पाऊल न टाकता गुरांपर्यंत पोचता येई. त्यात आगीचा धोका होता. बार्नमधला चारा पेटला की घरही जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी आल्या, तेव्हा पेट्रोलच्या भीतीने गॅरेज आधी घरापासून दूर, परसात बांधली गेली आणि नंतर हळूहळू घराला येऊन चिकटली. बार्नघराचे गॅरेज या दोन्ही परंपरांचे वारसदार आहे. आगीचा जुना प्रश्नही त्याच्यासोबत आला आहे, त्याचा विचार पुढे येतोच.

सांगाडा उभारण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला खांबांचा. १९३०च्या दशकात अमेरिकेत तारांच्या खांबांसारखे, औषधी प्रक्रिया केलेले लाकडी खांब जमिनीत पुरून स्वस्त गोठे बांधायला सुरुवात झाली. आजही साधारण आठ-आठ फुटांवर खांब उभे करतात, त्यांच्यावर कैच्या चढवतात आणि आडव्या पट्ट्यांवर पत्रा ठोकतात. या पद्धतीत खांब कुजतो तो नेमका जमिनीच्या पातळीवर, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. म्हणून राहत्या घरासाठी काँक्रीटच्या पायावर लोखंडी पकड बसवून त्यात खांब उभा करणे जास्त शहाणपणाचे. दुसरा प्रकार पोलादी चौकटींचा. कारखान्यात कापून, भोके पाडून आलेल्या तुळया आणि खांब जागेवर नट-बोल्टने जोडायचे. आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या शेड याच तंत्राने उभ्या राहतात. त्यांचे गाळे वीस-पंचवीस फुटांचे असतात आणि चाळीस ते साठ फूट रुंदी मध्ये एकही खांब न घेता पेलता येते. तिसरा प्रकार म्हणजे नेहमीच्या अमेरिकन घराची लाकडी चौकट, वरून फक्त बार्नचा घाट. सुतारांच्या हाताला हा प्रकार सवयीचा, बँकेलाही ओळखीचा. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी तोच सर्वांत सोपा पडतो.

पहिल्या दोन प्रकारांत आतल्या भिंतींवर छपराचा भार येत नाही. हवी तिथे भिंत घालता येते, नको असेल तर काढता येते. बार्नघराचे खरे आकर्षण हे आहे. स्वस्ताईचे आकर्षण मात्र बरेचसे फसवे असते. सांगाडा आणि पत्रा लवकर उभा राहतो, कमी पैशांतही होतो. पण त्यानंतरची वीज, नळ, स्वयंपाकघर, न्हाणीघरे, खिडक्या, फरशी, वातानुकूलन ही सगळी कामे कोणत्याही घराला लागतात तेवढीच लागतात. जाहिरातीत दिसणारी किंमत बहुधा पोकळ कवचाची असते. तिच्यावर विसंबून अंदाजपत्रक बांधलेली कुटुंबे निम्म्या वाटेवर अडतात.

जागा घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. शहराच्या हद्दीत आणि रहिवासी संघटनांच्या वसाहतींत पत्र्याच्या भिंतींना अनेकदा मनाई असते. टेक्सासमध्ये हद्दीबाहेरच्या जमिनीवर वापराचे निर्बंध घालण्याचा अधिकार काउंटीला सहसा नसतो, आणि ही घरे तिथे वाढण्यामागचे हे एक कारण आहे. गावाबाहेर पाण्यासाठी बोअर, सांडपाण्यासाठी सेप्टिक टँक आणि रस्त्यावरून विजेची तार आणणे हा वेगळा खर्च पडतो. माती पाणी किती वेगाने शोषते हे तपासल्याशिवाय सेप्टिकला परवानगी मिळत नाही. तिसरी गोष्ट कर्जाची. बँक घराचे मूल्य ठरवताना जवळपास विकली गेलेली तशीच घरे शोधते, आणि ती नसली की मूल्यांकन अडते. अशा वेळी ग्रामीण कर्जव्यवहार ओळखणाऱ्या संस्था उपयोगी पडतात. १९१६ च्या कायद्यातून उभी राहिलेली ‘फार्म क्रेडिट’ची सहकारी यंत्रणा त्यांपैकी प्रमुख.

आराखड्याची सुरुवात बहुतेक जण दिवाणखान्यापासून करतात, पण ती गॅरेजपासून व्हायला हवी. मोठी मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे घर, ठेवायची तर तिची उंची साडेतेरा फुटांपर्यंत असू शकते. दरवाजा चौदा फुटांचा लागतो आणि वळचणीची भिंत सोळा फुटांवर न्यावी लागते. छप्पर एकच सलग असेल तर घराच्या बाजूलाही तीच उंची येते. मग तिथे दुसरा मजला किंवा पोटमाळा काढायचा, नाहीतर उंच पोकळी थंड-गरम करण्याचे वीजबिल कायमचे भरायचे. गाड्या दुरुस्त करण्यासाठी दोन खांबांची लिफ्ट बसवायची असेल तर अकरा-बारा फूट मोकळी उंची पुरते. खोलीचेही तसेच. आजचा चार दारांचा पिकअप ट्रक सुमारे वीस फूट लांब असतो. चोवीस फूट खोल गॅरेजमध्ये तो उभा राहतो खरा, पण पुढे कामाचे टेबल टाकले की माणसाला वळायला जागा उरत नाही. तीस फूट खोली ठेवली तर वीस वर्षांनीही पस्तावा होत नाही. चाळीस बाय ऐंशी फुटांच्या इमारतीचे सरळ दोन भाग केले तर सोळाशे चौरस फुटांचे घर आणि तेवढेच गॅरेज मिळते. मध्यम कुटुंबाला हे प्रमाण चांगले मानवते.

या इमारतीत सर्वांत महत्त्वाची भिंत बाहेरची नाही, घर आणि गॅरेज यांच्यामधली आहे. बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडनुसार या भिंतीवर गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जाडीचे जिप्सम बोर्ड लागते. गॅरेजच्या वर खोली असेल तर छताला पाच-अष्टमांश इंचाचे, आगीला अधिक वेळ दाद न देणारे बोर्ड लावतात. गॅरेजमधून थेट झोपण्याच्या खोलीत दार काढता येत नाही. घरात जाणारे दार भरीव लाकडाचे, पोलादी किंवा वीस मिनिटे आग रोखणारे हवे. वातानुकूलनाच्या नळीचे तोंड गॅरेजमध्ये उघडता येत नाही, कारण आगीआधी धोका असतो तो धुराचा. हिवाळ्यात मोठा दरवाजा उघडून गाडी काही मिनिटे तापवली तरी कार्बन मोनॉक्साइड फटींतून घरात शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून भिंतीतून जाणारी प्रत्येक वायर आणि प्रत्येक पाइप यांच्याभोवतीची फट बुजवायची, दाराला हवाबंद पट्टी लावायची आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर वायूची सूचना देणारे अलार्म बसवायचे. जिथे जोडलेले गॅरेज आहे तिथे हे अलार्म कोडनेच सक्तीचे केले आहेत. चांगला आराखडाकार या भिंतीला लागून कपडे धुण्याची जागा, कोठीची खोली आणि चिखलाचे बूट काढण्याची मधली खोली ठेवतो. त्यामुळे कॉम्प्रेसरचा आवाज आणि तेलाचा वास दिवाणखान्यापर्यंत पोचत नाही.

पायाचे काम मातीवर ठरते. उत्तरेकडच्या थंड राज्यांत पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, मिनेसोटात तो साडेतीन ते पाच फूट खोल जातो. टेक्सासमध्ये अडचण निराळी आहे. डॅलसपासून वेको, ऑस्टिनपर्यंत पसरलेली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीशी तिचे सख्खे नाते आहे, मृदाशास्त्रात दोघींचा वर्गही एकच. अशा मातीवर साधा कोबा टिकत नाही. पोलादी तारा ताणून घट्ट केलेला स्लॅब किंवा खोल खांबांचा आधार लागतो. हलक्या गाड्यांसाठी चार इंच स्लॅब पुरतो, मोटारहोम किंवा लिफ्ट असेल तर पाच-सहा इंच घेतात. गॅरेजच्या फरशीला मोठ्या दरवाजाकडे उतार द्यायचा, म्हणजे गाडीवरून वितळलेला बर्फ आणि सांडलेले पेट्रोल बाहेर जाते. लिफ्टचे खांब कुठे येणार, पाण्याची निचरा-नाळी कुठून जाणार, विजेच्या गाडीसाठीची २४० व्होल्टची जोडणी कोणत्या भिंतीवर हवी, हे सगळे काँक्रीट ओतण्याआधी ठरलेले असावे. नंतर फोडाफोडी करणे फार महाग पडते.

पत्रा पाहताना दर्शनी रंगाला भुलू नये. स्वस्त पत्र्याचे खिळे-स्क्रू उघडे असतात आणि प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर असतो. उन्हाने पत्रा रोज ताणतो-आकसतो, स्क्रूचे भोक हळूहळू मोठे होते, रबर कडक होऊन चिरते. साधारण पंधरा-वीस वर्षांत छपरावरचे हजारो स्क्रू तपासून बदलण्याचे काम पुढे येते. पन्नास-साठ वर्षे राहायचे घर असेल तर उभ्या शिवणीचा, आत दडलेल्या पकडींचा पत्रा घ्यावा. सुरुवातीची किंमत जास्त असली तरी तो गळत नाही.

पत्र्याच्या घराचा खरा शत्रू मात्र आतली वाफ. स्वयंपाक, अंघोळ, माणसांचे श्वास यांनी आतली हवा ओलसर होते आणि थंडीच्या रात्री ती गार पत्र्याला लागली की पत्र्याला घाम सुटतो. गुरांच्या कोठारात हे चालून जाते. घरात मात्र तेच पाणी छतातून ठिबकते, लाकूड बुरशीने काळे पडते, पोलाद गंजते. पोलादातून उष्णता लाकडाच्या शेकडो पट सहज वाहत असल्याने नुसत्या खांबांच्या मध्ये कापूस-लोकरीसारखे इन्सुलेशन भरून काम भागत नाही. पत्र्याच्या आतल्या बाजूला बंद पेशींचा फोम फवारणे हा खात्रीचा मार्ग, कारण तो उष्णता आणि वाफ दोन्ही अडवतो. हा फोम पेटता असल्यामुळे राहत्या भागात त्याच्यावर जिप्समचा थर द्यावाच लागतो. खर्च वाचवण्यासाठी अनेक जण याच टप्प्यावर हात आखडतात. तो नको तिथला काटकसरीपणा आहे. हवे तर ओट्याचा महाग दगड पुढच्या वर्षी बसवावा.

मोठ्या दरवाजांची निवडही वाऱ्याच्या हिशेबाने करावी. ऑगस्ट १९९२ मध्ये दक्षिण फ्लोरिडावर अँड्र्यू चक्रीवादळ आदळले, तेव्हा अनेक घरांचे गॅरेजचे दरवाजे आत ढकलले गेले. वारा आत शिरला आणि त्याने आतून छप्परच उचलले. बार्नघराला असे दोन-तीन रुंद दरवाजे असतात, त्यामुळे वादळी पट्ट्यात त्या भागातल्या वाऱ्याचा दाब सोसण्यासाठी प्रमाणित केलेलेच दरवाजे आणि त्यांना साजेशी मजबूत चौकट लागते. पत्र्याच्या कवचात मोबाइलचे सिग्नल मंदावतात, म्हणून इंटरनेटच्या वायरी भिंती बंद होण्याआधीच घर आणि गॅरेज दोन्हींत ओढून ठेवतात.

जिथे बांधकाम परवाना लागतो तिथे तपासनीस पाया ओतण्याआधी, सांगाडा उभा राहिल्यावर, वायरिंग-नळ झाकण्याआधी आणि शेवटी एकदा असा टप्प्याटप्प्याने येतो. मधल्या भिंतीचे बोर्ड, दार आणि अलार्म तो शेवटच्या फेरीत पुन्हा पाहतो. हद्दीबाहेर जिथे असा तपासनीसच नसतो तिथे मालकाने स्वतःच्या खर्चाने अभियंता नेमून हेच टप्पे तपासून घ्यावेत आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवावेत. विमा कंपनी ते मागते, आणि पुढे घर विकताना खरेदीदारही.