बुद्धिबळाचा पट आणि घरातला एकच फोन



एरवी मी तुमच्याशी मिरचीवरच्या चुरडामुरड्याबद्दल नाहीतर पपईच्या रोपांबद्दल बोलतो. आज विषय वेगळा आहे. हल्ली नंदुरबार, शहादा, तळोदा भागात कुठेही शिवारात गेलो की पिकाचे बोलणे संपल्यावर कोणीतरी हळूच विचारतो, "साहेब, पोरगा म्हणतो फोनवर बुद्धिबळ शिकतो. खरेच शिकतो, की नुसता फोन घेऊन बसतो?"

प्रश्न रास्त आहे. घरात फोन एक. त्यावर बाजारभाव यायचा, मुकादमाचा निरोप यायचा, लेकीच्या सासरची खुशाली यायची, आणि त्याच फोनवर सहावी-सातवीतल्या पोरांचा डोळा. तेव्हा या गोष्टीचा नफा-तोटा नीट पाहू.

खेळाडू खेड्यात का निपजत नाहीत?

बुद्धिबळ हा आपल्या मातीतला खेळ. अनेक गावांत पारावर जुनी माणसे अजूनही पट मांडून बसतात. मुलांनी आणि मुलींनीही या खेळात लहान वयातच नाव काढले आहे. मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकी वासंती यांनी १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी १९७६ साली राष्ट्रीय विजेती झाली, तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. आपल्या शेजारच्या नाशिकचे विदित गुजराथी २०१३ साली ग्रँडमास्टर झाले. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बातुमी येथे कोनेरू हम्पी यांना हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हा तिचे वय एकोणीस वर्षे होते.

मुंबई, नाशिक, नागपूर ही सारी शहरे आहेत. म्हणून खेड्यातल्या पोरांना अक्कल कमी असे नाही. आपल्याकडे कमी पडतो तो तुल्यबळ प्रतिस्पर्धी आणि हरलेला डाव समजावून देणारा माणूस. गावात चार जण खेळणारे. पोरगा त्या चौघांना हरवायला लागला की त्याची वाढ तिथेच खुंटते. कुंडीतल्या झाडाच्या मुळ्यांना जागा पुरत नाही, तसेच ते.

फोनने ही एक अडचण खरोखर दूर केली आहे. आपल्या पाड्यावरचे मूल आज कोल्हापूरच्या, केरळच्या किंवा रशियातल्या मुलाशी डाव मांडू शकते. २०२० साली करोनामुळे सारे बंद असताना देशादेशांतले बुद्धिबळ ऑलिंपियाडसुद्धा घरोघर बसून इंटरनेटवरच खेळले गेले. विदित त्या वेळी भारताचा कर्णधार होता आणि चौदा वर्षांची दिव्याही संघात होती. अंतिम सामना रशियाशी होता. ऐन डावात इंटरनेट तुटले आणि दिव्याचा व निहाल सरीनचा डाव वेळेवर गेला. शेवटी भारत आणि रशिया या दोघांनाही सुवर्णपदक देण्यात आले. तेव्हा धडगावच्या डोंगरात रेंज गेली म्हणून पोराने कपाळाला हात लावला, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

माझी स्वतःची फसगत

माझी पुतणी सातवीत आहे. चार चालींत मात देण्याची युक्ती ती कुठूनतरी शिकली. काळ्या राजाशेजारच्या एफ-७ या घरातल्या प्याद्याला सुरुवातीला फक्त राजाचाच आधार असतो. तिथे उंट आणि वजीर यांनी मिळून घाला घालायचा, की खेळ खलास. या एका युक्तीवर तिने गल्लीतली सगळी पोरे हरवली. मग मी हौसेने तिला एका खासगी ऑनलाइन वर्गात घातले आणि तीन महिन्यांची फी आगाऊ भरली. शिकवणी म्हणजे आधीच भरून ठेवलेले व्हिडिओ निघाले. पोरीचा एकही डाव कोणी पाहिला नाही. बी घेताना पिशवीवरचा टॅग वाचा, पावती घ्या, असे मी तुम्हाला तीस वर्षे सांगत आलो. इथे मात्र मीच चौकशी न करता पैसे भरले.

पुढे ती फुकटच्या ठिकाणी अनोळखी मुलांशी खेळू लागली. पहिल्या संध्याकाळी ओळीने नऊ डाव हरली आणि रडत फोन आपटला. दुसऱ्या दिवशी मी तिला एवढेच सांगितले की आज नवा डाव नाही, कालचाच एक डाव पटावर मांडू आणि चूक कुठे झाली ते शोधू. ती अजूनही हरते, पण कशामुळे हरली ते आता मला सांगू शकते.

एवढी पथ्ये पाळा

१. आधी खरा पट आणि सोंगट्या आणा. महाग नको, साधा प्लॅस्टिकचा चालेल. धडा फोनवर पाहावा आणि चाली पटावर कराव्यात.

२. फी भरण्याची घाई करू नका. लिचेस नावाचे ठिकाण पूर्ण मोफत आहे आणि त्यावर जाहिरात नसते. सोंगट्यांच्या चालींपासूनचे धडे आणि सोडवायला कोडी तिथे मिळतात. त्यात मुलांसाठी वेगळी सोय आहे. ती चालू केली की अनोळखी माणसाशी संदेशांची देवाणघेवाण बंद होते. हे काम मोठ्यांनी स्वतः करावे.

३. पैसे देऊन शिक्षक लावायचाच असेल तर एकच प्रश्न विचारा: "माझ्या मुलाचे हरलेले डाव तुम्ही पाहणार का?"

४. वेळ ठरवा. दिवेलागणीनंतर पाऊण तास पुरे. एक मिनिटाचे, तीन मिनिटांचे झटपट डाव नकोत, त्यात विचार होत नाही. निदान पंधरा मिनिटांचा डाव लावावा.

५. आजोबांशी भांडण नको. देशी डावात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते. आंतरराष्ट्रीय नियमात ते पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकते आणि राजाला किल्लेकोट करता येतो. खेळायला बसण्यापूर्वी कोणता डाव ते ठरवून घ्या.

६. रेंज नसेल तर डाव पटावर खेळा आणि चाली वहीत लिहा. बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आलात की त्या चाली फोनमध्ये भरा. चूक कुठे झाली ते संगणक दाखवतो.

गुण वाढतात का?

बुद्धिबळाने गणित सुधारते, असे वर्गवाले छातीठोकपणे सांगतात. आपण नवे वाण घेण्याआधी शेजारी जुन्या वाणाचा वाफा ठेवून तुलना करतो. इंग्लंडमध्ये तशीच तुलना सुमारे १०० शाळांत झाली. काही शाळांत बुद्धिबळ शिकवले, काहींत नाही. २०१६ साली निष्कर्ष आला: वर्षभरानंतर गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही. म्हणून गुणांच्या आशेने यात पडू नका.

मग कशासाठी? गेल्या वर्षी अक्कलकुवा तालुक्यातल्या एका पाड्यावर एका बापाने मला हेच विचारले होते. दिवाळीनंतर तो बायकोमुलांसह गुजरातेत ऊस तोडायला जातो आणि काठीच्या होळीला परततो. पोराची शाळा तेवढे महिने सुटते. मी म्हणालो, "गुण मिळतील, नोकरी मिळेल, असे मी सांगणार नाही. पण रोज रात्री तुमचा फोन त्याला अर्धा तास द्या." शाळेतले गुरुजी दररोज त्या फोनवर एक कोडे पाठवायचे.

होळीला गेलो तेव्हा बापाने एक वही माझ्यासमोर धरली. पोराने खताच्या रिकाम्या गोणीवर कोळशाने चौसष्ट घरे आखली होती आणि बाटल्यांच्या झाकणांच्या सोंगट्या केल्या होत्या. पडावावरच्या पोरांशी खेळलेले तेवीस डाव वहीत लिहिलेले होते. बापाला वाचता येत नाही. त्याने विचारले, "साहेब, हे बरोबर लिहिले आहे का?" मी सारी वही तपासली. दोन चाली चुकल्या होत्या, त्या पोरानेच सांगून दुरुस्त केल्या.

यंदा पोराला आश्रमशाळेतच ठेवून ऊसतोडीला जायचे, असे त्या घराने ठरवले आहे. हे बुद्धिबळामुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण आपले पोर एकटे बसून विचार करते आणि चूक स्वतः शोधते, हे बापाने त्या वहीत पाहिले होते.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवणे आटोपल्यावर पोराजवळ पाच मिनिटे बसा. खेळ येत नसला तरी चालेल. "आज कुठे चुकलास रे?" एवढे विचारा आणि तो सांगेल ते पुरते ऐकून घ्या.