माग थांबल्यावर काय उरतं?

संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तलवारी, नाणी, मूर्ती आणि पैठण्या येतात. राजेरजवाड्यांच्या वस्तू जपायच्या असतात, हे आपल्याला पटलेलं आहे. पण ज्या यंत्रापुढं एखाद्या साध्या माणसानं आयुष्यभर रोज बारा-बारा तास उभं राहून कापड विणलं, ते यंत्र जपायचं असतं का? आणि जपायचं तर कुणासाठी? औद्योगिक वारशाची संग्रहालयं याच प्रश्नातून जन्माला आली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या लँकेशायर परगण्यातली अशी काही ठिकाणं मी २०१९च्या उन्हाळ्यात एका दिवसात पाहिली. ब्लॅकबर्नला माझी भाची राहते. तिच्या घरी गेलो होतो. ती म्हणाली, "मामू, लंडनचे राजवाडे नंतर बघा. आधी तुमच्या कामाची जागा दाखवते."

माझ्या कामाची जागा म्हणण्याला कारण होतं. माझा जन्म इचलकरंजीचा. अब्बा साध्या मागावर कामगार आणि अम्मी कांड्या भरायची. मला बी. ए.पर्यंत शिकवलं ते त्या मागानंच. आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण आपण ज्याला 'साधा माग' म्हणतो, त्याचं घराणं कुठलं, हे कुणी सांगत नाही. ते घराणं लँकेशायरचं. ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो या दोघांनी १८४२मध्ये यंत्रमागात सुधारणा केल्या आणि 'लँकेशायर लूम' तयार झाला. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. त्यामुळं एक माणूस एकाच वेळी अनेक माग सांभाळू शकला. हाच माग थोड्याफार फरकानं मुंबईच्या गिरण्यांत आला आणि पुढं इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये खडखडू लागला.

सुती कापडाच्या यंत्रांची सगळी वंशावळ या एका टापूत सापडते. बरी गावाजवळच्या जॉन के यांनी १७३३मध्ये उडता धोटा काढला. त्याआधी विणकर धोटा हातानं या बाजूकडून त्या बाजूला सारायचा. ऑस्वाल्डट्विसलच्या जेम्स हारग्रीव्ह्ज यांनी अनेक चात्यांची 'स्पिनिंग जेनी' केली. प्रेस्टनला जन्मलेल्या रिचर्ड आर्कराइट यांनी पाण्याच्या जोरावर सूत कातलं. बोल्टनच्या सॅम्युएल क्रॉम्प्टन यांनी १७७९मध्ये या दोन्ही युक्त्या एकत्र केल्या आणि त्या यंत्राला नाव पडलं 'म्यूल', म्हणजे खेचर. घोडा आणि गाढव यांच्या संकरातून खेचर होतं, तसंच हे.

आमचा पहिला मुक्काम होता हेल्मशोर. डोंगराच्या कुशीत, ओढ्याकाठी दोन गिरण्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्यातली एक १७८९ची, लोकरीच्या कापडाची. तिथलं पाणचक्र अजून आहे. विणलेलं लोकरी कापड ओलं करून मोठमोठ्या लाकडी हातोड्यांखाली कुटायचं, म्हणजे त्याची वीण घट्ट होते. त्याआधी कापडातलं तेल काढायला शिळं मूत्र वापरत. ते घरोघर फिरून गोळा केलं जाई. हे ऐकून शेजारच्या शाळकरी मुलांनी नाकं दाबली. मला मात्र आपल्याकडचे चामडं कमावणारे, रंगारी, धोबी आठवले. जगाला अंगावर स्वच्छ कापड लागतं, पण ते स्वच्छ करणाऱ्या हातांचा वास कुणाला सोसत नाही. ही रीत तिथंही होती.

दुसरी गिरणी सुताची. इथं म्यूल आहेत. शेकडो चात्यांचा लांबच लांब गाडा रुळांवरून बाहेर येतो, धागा ताणून पिळतो आणि मागं जाताना गुंडाळतो. तेलकट फरशीवर कामगार अनवाणी असत आणि या गाड्याबरोबर दिवसभर मागं-पुढं चालत. लहान मुलं गाड्याखाली शिरून कापसाची धूळ झाडत. गाडा परत येण्याआधी बाहेर पडायचं, हा त्यांचा खेळ आणि हीच त्यांची नोकरी. अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत, ही 'हाफटायमर' मुलांची पद्धत इंग्लंडात विसाव्या शतकापर्यंत चालू होती. १९१८च्या शिक्षण कायद्यानं ती बंद व्हायची वाट मोकळी झाली.

या खोऱ्यानं आणखी एक गोष्ट पाहिली आहे. १८२६च्या एप्रिलमध्ये उपाशी हातमाग विणकरांचे जथे गावोगावच्या गिरण्यांत शिरले आणि काही दिवसांत त्यांनी हजाराच्या वर यंत्रमाग फोडले. जवळच्या चॅटर्टन इथं सैन्यानं गोळीबार केला, त्यात माणसं मेली. यंत्रमागानं आपला विणकर देशोधडीला लावला, असं आपण शिकलो. ते खरंच आहे. पण त्याच मागानं आधी लँकेशायरच्या विणकराची चूल विझवली होती, हे मला तिथं उभं राहून नीट कळलं.

हेल्मशोरहून आम्ही बर्नलीला गेलो. पहिल्या महायुद्धाआधी या एका शहरात सुमारे एक लाख माग होते. माणशी एक माग म्हणा ना! कालव्याच्या दोन्ही काठांना गिरण्या, गोदामं आणि धुराडी यांची दाटी आहे. या भागाला 'वीव्हर्स ट्रँगल' म्हणतात. आपण विणकरांचा तिकोना म्हणू. लीड्स आणि लिव्हरपूल या शहरांना जोडणारा हा कालवा २०० किलोमीटरहून लांब आहे आणि तो १८१६मध्ये पूर्ण झाला. लिव्हरपूल बंदरात उतरलेल्या कापसाला देशात शिरायची ही एक वाट होती.

त्या कापसातला काही आपलाही होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. लाखो कामगार भिकेला लागले. मग हिंदुस्थानी कापसाला मागणी आली. मुंबईचे व्यापारी रातोरात गबर झाले ते याच वेळी. आपल्या अमरावतीचं नाव तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरावती' म्हणून गाजत होतं. पण हा कापूस आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला. चातीवर सारखा तुटायचा आणि मजुरी बुडायची. तिथले कामगार या सगळ्या मालाला 'सुरत' म्हणत आणि त्याला शिव्या घालत. आणि काळाची गंमत बघा. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९५०-६०च्या दशकांत, गिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसं मिळेनात, तेव्हा ब्लॅकबर्नच्या भागात पाकिस्तानातून माणसं गेली, तशी आपल्याकडच्या सुरत आणि भरूच जिल्ह्यांतूनही गेली. आज तिथं जुन्या धुराड्यांच्या शेजारी मशिदींचे घुमट दिसतात, ते या रात्रपाळीवाल्यांनी उभे केलेले.

बर्नलीच्या कडेला हार्ल साइक नावाचं खेडं आहे. तिथली क्वीन स्ट्रीट मिल हा आमचा शेवटचा मुक्काम. १८९४मध्ये उभी राहिलेली ही गिरणी वाफेवर चालणारं जगातलं शेवटचं विणकाम खातं म्हणून ओळखली जाते. तिचं वाफेचं इंजिन ५०० अश्वशक्तीचं. आधी त्याचं नाव 'प्रुडन्स' होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते 'पीस' झालं, म्हणजे शांती. इंजिनानं छताखालचा लांब दांडा फिरवायचा आणि त्या दांड्यावरून प्रत्येक मागाला चामड्याचा पट्टा. आत तीनशेहून अधिक माग रांगेनं उभे आहेत. छत करवतीच्या दातांसारखं आणि काचा फक्त उत्तरेला, म्हणजे ऊन थेट येत नाही आणि दिवसभर सारखा उजेड पडतो.

तिथल्या माहिती देणाऱ्या बाईंनी आम्हाला दूर उभं केलं आणि काही माग सुरू केले. मोजकेच, पण खोली भरून गेली. बाजूचे पाहुणे कानांवर हात ठेवून हसत होते. मी हसलो नाही. हा आवाज मला अंगाईसारखा ओळखीचा, आणि याच आवाजानं अब्बांचे कान पन्नाशीतच गेले होते. बाईंनी सांगितलं, की सगळे माग चालू असताना इथं बोलणं अशक्य असे. म्हणून विणकर बाया ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलत. त्या बोलीला 'मी-मॉ' असं नाव होतं. घरी गेल्यावरही बाया तशाच बोलायच्या. अब्बा जेवताना आम्हाला ओठ वाचून उत्तर द्यायचे. त्याला नाव असतं, हे मला पन्नाशी गाठल्यावर कळलं.

मग त्यांनी धोटा हातात दिला. त्याच्या छोट्या भोकातून धागा बाहेर काढायला विणकर तोंड लावून ओढत. याला तिथं 'धोट्याचं चुंबन' म्हणत. एका धोट्याला अनेकांचं तोंड लागे, धूळ पोटात जाई आणि रोग एकाकडून दुसऱ्याकडं पसरे. बाईंनी हे जुन्या काळची हकिकत म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "आमचे वडील हे करायचे. आणि आमच्या गावात असे माग अजून चालतात." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग विचारलं, "एका माणसाकडं किती?" त्यांच्याकडं पूर्वी एका विणकराकडं चार माग असत. मालकांनी आठ द्यायला सुरुवात केली, तेव्हा १९३१मध्ये बर्नलीत मोठा संघर्ष झाला. मागांची संख्या, पिकावरची मजुरी, तुटलेल्या धाग्याचा दंड यांवर आम्ही दोघं पुष्कळ बोललो. त्यांचं ऐकताना इंग्रजी शब्दांमागं मला आमच्या गल्लीतलीच भाषा ऐकू येत होती.

त्याच १९३१च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी लँकेशायरात आले होते. डार्वेन या गिरणीगावी ते राहिले. विदेशी कापडाच्या बहिष्कारामुळं ज्यांचं काम गेलं, त्या गिरणी कामगार बायांनी त्यांच्याभोवती गर्दी करून आनंदानं फोटो काढला. १९१३मध्ये ब्रिटननं सुमारे सात अब्ज वार सुती कापड परदेशी पाठवलं होतं आणि त्यातलं पाचात दोन हिश्शांहून अधिक एकट्या हिंदुस्थानात खपलं होतं. हे गिऱ्हाईक हळूहळू गेलं आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या. क्वीन स्ट्रीट मिल तगून राहिली, पण १९८२च्या मार्चमध्ये तीही थांबली.

१९८२! हा आकडा मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. दोन गिरणगावांचे भोंगे एकाच सुमारास थांबले. पुढं काय झालं, त्यात फरक आहे. क्वीन स्ट्रीटचे माग जागेवर राहिले आणि १९८६मध्ये तिथं संग्रहालय उघडलं. गिरणगावातल्या बहुतेक गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं महापालिकेनं ठरवलं, त्यालाही बरीच वर्षं लोटली.

तिकडचं सगळं छान आहे, असं मला म्हणायचं नाही. पैसे नाहीत म्हणून परगण्याच्या कौन्सिलनं २०१६मध्ये हेल्मशोर आणि क्वीन स्ट्रीट, दोन्ही बंद केली होती. लोकांनी आवाज उठवला, तेव्हा २०१८मध्ये ती पुन्हा उघडली, तीही आठवड्यातले मोजके दिवस. संग्रहालय ही एकदा बांधून विसरायची वस्तू नाही. माग रोज तेल मागतो, तसं तेही रोज काही मागतं. शिवाय थांबलेल्या मागाला धूळ नसते, मुकादम नसतो, पगाराचा दिवस नसतो. सांगणारं माणूस नसेल, तर पाहुणा लोखंड बघून घरी जातो. त्या बाईंनी 'मी-मॉ' करून दाखवलं नसतं, तर मीही तेच केलं असतं.

म्हणून मला आपल्याकडची घाई वाटते. इचलकरंजीत आता बिनधोट्याचे माग आले आहेत. ते यायला हवेत. कुणाचा बाप बहिरा होऊ नये. पण जुने साधे माग किलोच्या भावानं भंगारात जात आहेत आणि त्यांच्याबरोबर धोटा, कांडी, वहिफणी, खर्चीवाला हे शब्दही निघाले आहेत. कबीर विणकर होता, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्याच्या धंद्यातल्या आजच्या माणसाचे शब्द आपण लिहूनही घेत नाही.

फार मोठी इमारत लागणार नाही. विणकामाच्या प्रत्येक गावात एक जुनं शेड ठेवावं. त्यात चार माग चालू स्थितीत असावेत, कांडी भरायचं यंत्र असावं, मजुरीच्या वह्या असाव्यात. आणि सत्तरी ओलांडलेल्या कामगारांचे, कांड्या भरणाऱ्या बायांचे आवाज मुद्रित करून घ्यावेत. माग पुन्हा ओतून घेता येईल. पण तो चालवलेली माणसं पुढच्या दहा वर्षांत भेटणार नाहीत. कॉलेजची मुलं सुट्टीत हे काम करू शकतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरातच असं एखादं माणूस बसलेलं असेल. त्याच्याशी बोलताना फक्त थोडं मोठ्यानं बोलायचं, आणि ओठ दिसतील असं समोर बसायचं.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)