हॅम्पडेनला निघालेली लाल बस

२४ मे २०२५, शनिवार. सकाळचे आठ वाजत आलेत. ॲबर्डीनमधल्या एका पबसमोर बस उभी आहे आणि तिच्या दारात बसचा कारभारी हातातल्या कागदावरची नावं पेन्सिलीने खोडतोय. आज स्कॉटिश कपचा अंतिम सामना आहे. ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क, दुपारी तीन वाजता, समोर सेल्टिक. यादीतली एकही जागा रिकामी नाही. जानेवारीत हीच बस निम्मीसुद्धा भरत नव्हती, असं कारभारी मला सांगतो आणि तेव्हा न आलेल्यांकडे एकवार पाहून घेतो. बोलत काही नाही, पण हिशेब त्याच्या डोक्यात पक्का आहे.

मला खिडकीची जागा मिळते. शेजारी सत्तरीचे एक आजोबा बसलेत. मासेमारीच्या बोटीवर सुरुवात करून नंतर तेलाच्या रिगवर निवृत्त झालेले. पुढच्या बाकावर एक नर्सबाई आणि तिची चौदा वर्षांची मुलगी. कागदी पिशवीतून बटऱ्या फिरताहेत. बटरी म्हणजे या किनाऱ्याचा चपटा, खारट, पापुद्रे सुटणारा पाव. चरबी इतकी की पिशवीचा कागद पारदर्शक होतो. थर्मासातून चहा ओतला जातो. चहाच, कारण बसमध्ये दारू चालत नाही. १९८० साली याच कपच्या अंतिम सामन्यानंतर सेल्टिक आणि रेंजर्सचे समर्थक हॅम्पडेनच्या मैदानातच एकमेकांवर तुटून पडले. त्याच वर्षी कायदा झाला आणि स्टेडियममध्ये, तसंच समर्थकांच्या बसमध्ये दारूला बंदी आली. "मारामारी ग्लासगोवाल्यांनी केली आणि पंचेचाळीस वर्षं कोरडे आम्ही," आजोबा म्हणतात. हा विनोद बसला पाठ आहे, तरी सगळे हसतात.

बस शहराबाहेर पडून दक्षिणेला लागते. डावीकडे उत्तर समुद्र, उजवीकडे कुरणं आणि मेंढ्या. मेंढ्या दिसताच मागून एकजण बें-बें करतो. गावाकडच्या या लोकांना मेंढ्यांवरून डिवचणं हा इतर क्लबांचा जुना उद्योग. ॲबर्डीनवाल्यांनी तो टोमणा कधीच आपलासा केलाय. बसच्या मागच्या काचेला हवा भरलेली एक रबरी मेंढी चिकटवली आहे, तिच्या गळ्यात क्लबचा लाल स्कार्फ.

स्कॉटलंडच्या वरच्या लीगचे बहुतेक क्लब ग्लासगो, एडिनबरा आणि त्यांच्या आसपासच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेत. ॲबर्डीन तिकडे ईशान्येच्या कोपऱ्यात एकटं. ग्लासगो सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, किल्मार्नॉक त्याहून लांब. एका बाजूचे तीन तास धरा. सामना संध्याकाळचा असला तर घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, आणि वेळ ठरवताना टीव्हीवाले या बसला विचारत नाहीत.

आजोबा मला विचारतात, "तुमच्या गावात फुटबॉल आहे का?" मी कोल्हापूरचा, तेलाच्या नोकरीपायी इथे आलेला. त्यांना मी पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याबद्दल सांगतो. शाहू स्टेडियम कसं भरतं, पेठापेठांत कशी ईर्ष्या असते, ते सगळं.

"मग बाहेरगावी किती लांब जावं लागतं?"

"पेठ ओलांडली की झालं."

ते थोडा विचार करतात. "डिझेल वाचतं तुमचं."

डंडी येतं. वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यावर बस सिग्नलला थांबते आणि आत एकदम शांतता पसरते. गेल्याच आठवड्यात इथे लीगचा शेवटचा सामना डंडी युनायटेडने २-१ असा जिंकला आणि चौथं स्थान पटकावलं. ॲबर्डीन पाचवं. या बसला हंगाम तारखांनी आठवत नाही, रस्त्याने आठवतो. पर्थ जवळ आल्यावर चेहरे खुलतात, कारण ऑगस्टमध्ये लीगची सुरुवात इथेच सेंट जॉनस्टनवरच्या विजयाने झाली होती. नवे स्वीडिश प्रशिक्षक जिमी थेलिन यांचा तो लीगमधला पहिला सामना. त्यानंतर संघ थांबेचना. लीगच्या पहिल्या अकरा सामन्यांत दहा विजय आणि एक बरोबरी. ती बरोबरीही सेल्टिकच्याच मैदानावर, दोन गोलांची पिछाडी भरून काढून. "त्या रात्री या बसमध्ये कोणी झोपलं नाही," नर्सबाई सांगते. "तक्त्यात सेल्टिकच्या बरोबरीने गुण होते आमचे. लोक एकमेकांना १९८५ची आठवण करून देत होते."

१९८५ म्हणजे ॲबर्डीनने लीग जिंकली ते वर्ष. प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत लीगचं विजेतेपद सेल्टिक किंवा रेंजर्स यांच्याकडेच राहिलंय.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला हॅम्पडेनवरच लीग कपच्या उपांत्य सामन्यात सेल्टिकने सहा गोल चढवले, उत्तरात एकही नाही. महिनाअखेरीस सेंट मिरनकडून लीगमधला पहिला पराभव झाला आणि मग गाडं पार घसरलं. जानेवारी सरेपर्यंत लीगमध्ये एक विजय मिळाला नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी किल्मार्नॉकला ४-० असा मार. "त्या दिवशी मी घरी टर्की सोडून गेले होते," नर्सबाई म्हणते. मुलगी पुस्ती जोडते, "आणि मला घेऊन." फेब्रुवारीत सेल्टिककडून ५-१, दहा दिवसांपूर्वी स्वतःच्या पिटोड्री मैदानावर पुन्हा ५-१. आज सट्टेवाल्यांच्या दुकानात ॲबर्डीनवर पैसे लावणाऱ्याला लोक बहुधा सहानुभूतीनेच बघत असतील.

स्टर्लिंगच्या अलीकडे एका सोशल क्लबात बस थांबते. इथे कायदा आड येत नाही. बिअरचे ग्लास भरतात, सूप आणि सारण भरलेल्या पाई येतात, आणि प्रत्येक टेबलावर जुन्या अंतिम सामन्यांची उजळणी सुरू होते. २००० साली रेंजर्सविरुद्ध सुरुवातीलाच गोलरक्षक जिम लेटन जबडा मोडून बाहेर गेला. राखीव गोलरक्षक बाकावर नव्हता. रॉबी विंटर्स नावाच्या आघाडीच्या खेळाडूला हातमोजे घालून उभं केलं. निकाल ४-०. २०१७ला सेल्टिकविरुद्ध १-१ असताना भरपाईच्या वेळेत त्यांच्या टॉम रॉजिकने गोल केला. शेवटचा विजय १९९०चा, तोही सेल्टिकवरच, पेनल्टींवर ९-८.

आजोबांची खासियत याहून जुनी. मे १९८३, गोथेनबर्ग. युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात ॲबर्डीनने जादा वेळेत रेआल माद्रिदला २-१ हरवलं, ते बघायला आजोबा 'सेंट क्लेअर' जहाजाने गेले होते. एरवी शेटलंड बेटांच्या फेऱ्या मारणारं ते जहाज त्या आठवड्यात समर्थकांना घेऊन स्वीडनला निघालं. "मासेमारीत कधी ओकलो नाही, तिथे ओकलो," ते मान्य करतात. जॉन ह्यूएटचा विजयी गोल त्यांनी मुसळधार पावसात पाहिला, आणि परतीचा समुद्र कसा होता ते त्यांना अजिबात आठवत नाही.

ग्लासगोच्या दक्षिणेला माउंट फ्लोरिडाच्या चढावर गर्दी दोन रंगांत वाटली जाते. पोलीस आम्हाला एका गल्लीतून नेतात, हिरव्या-पांढऱ्यांना दुसऱ्या. पिटोड्री भरेल जवळपास इतकी माणसं उत्तरेकडून खाली उतरलीत. हे मैदान गर्दीला नवखं नाही. १९३७ साली याच दोन संघांच्या अंतिम सामन्याला सुमारे १ लाख ४७ हजार लोक आले होते. आता खुर्च्या आहेत आणि मावतात सुमारे ५२ हजार.

आत शिरताच आवाजाची भिंत अंगावर येते. सेल्टिकने लीग जिंकलीय, लीग कप जिंकलाय. आज जिंकले तर एकाच हंगामात देशातले तिन्ही चषक, आणि तेही नवव्यांदा. त्यांच्या बाजूला उत्सव आधीच सुरू झालेला दिसतो. आमच्या बाजूला हजारो लाल स्कार्फ वर जातात.

थेलिन यांनी आज बचावात पाच माणसं उभी केलीत. पहिल्या मिनिटापासून चेंडू सेल्टिककडे आणि गर्दी आमच्या गोलपाशी. एकेक अडवलेला फटका आमचे लोक गोल केल्यासारखा साजरा करतात. एकोणचाळिसाव्या मिनिटाला कॉर्नर येतो, सेल्टिकच्या कॅमरन कार्टर-विकर्सचा हेडर, आणि चेंडू आमच्याच आल्फी डॉरिंग्टनला लागून आत जातो. टॉटनहॅमकडून हंगाम संपेपर्यंत आणलेला वीस वर्षांचा पोरगा. पलीकडची बाजू उसळते. आमच्या मागून कोणीतरी शिवी हासडतं, लगेच दुसरा त्याला दटावतो, आणि पुढच्या वेळी डॉरिंग्टनच्या पायाला चेंडू लागतो तेव्हा टाळ्या पडतात.

मध्यंतरात मुलगी मला विचारते, "आज पाच खाणार का आपण?" हंगामभर ती आईबरोबर फिरलीय, त्यामुळे प्रश्न कोरडा आहे. तिची आई म्हणते, "एकच झालाय अजून." बोव्हरिल या गरम मांसरसाचे कागदी पेले हातांत फिरतात.

दुसऱ्या सत्रात सेल्टिकला घाई नाही. चेंडू फिरवत वेळ काढायचा आणि चषक उचलायचा असा त्यांचा बेत दिसतो. पण दुसरा गोल येत नाही. साठ मिनिटं होतात, सत्तर होतात, तरी नाही. आमच्या बाजूला लोक बसायचं विसरलेत. त्र्याऐंशीव्या मिनिटाला आमचा शेडन मॉरिस उजवीकडून सुसाट निघतो, गोलरेषेपाशी पोचतो आणि चेंडू जमिनीलगत आत मारतो. सेल्टिकचा गोलरक्षक कॅस्पर श्मायकल झेपावतो. चेंडू त्याला लागून त्याच्याच जाळ्यात.

त्यानंतरचा अर्धा मिनिट मला नीट सांगता येणार नाही. मी दोन ओळी खाली आहे, चष्मा कोणाच्या तरी हातात आहे, आजोबांची टोपी गायब आहे. एक अनोळखी दाढीवाला माझा चेहरा दोन्ही हातांत धरून ओरडतोय. १-१.

भरपाईच्या वेळेत सेल्टिकचा माएदा एकटाच आमच्या गोलरक्षक दिमितार मितॉवसमोर पोचतो. २०१७चा शेवट पाहिलेले सगळे डोळे मिटतात. मितॉव अडवतो. जादा वेळेचा अर्धा तास पायांत गोळे आलेल्या खेळाडूंचा आहे, त्यात काही घडत नाही.

पेनल्टी. नर्सबाई मैदानाकडे पाठ करून उभी राहते. "मी आठ वर्षांची होते तेव्हाही पाहिलं नव्हतं," ती म्हणते. १९९०मध्ये तिने उशीत तोंड खुपसलं होतं आणि संघ जिंकला होता, म्हणून आजही तसंच. मुलगी तिला कानात सांगत राहते. सेल्टिकचा पहिला फटका कर्णधार कॅलम मॅकग्रेगरचा. मितॉव अडवतो. आमचा पहिला आत. त्यांचा आत, आमचा आत. त्यांचा, आमचा, पुन्हा त्यांचा, पुन्हा आमचा. आमचे चारही आत गेलेत. त्यांच्या पाचव्यासाठी ॲलिस्टर जॉन्स्टन येतो. हुकला तर संपलं.

मितॉव बल्गेरियाचा. गेल्या उन्हाळ्यात सेंट जॉनस्टनमधून आलेला, म्हणजे पर्थचाच. तो झेपावतो आणि चेंडू परततो.

"आई, बघ आता," मुलगी म्हणते.

४-३. आजोबा खुर्चीत बसून राहिलेत, हात गुडघ्यांवर, आणि गालांवरून येणारं पाणी पुसायची तसदीही घेत नाहीत. हिरवी-पांढरी बाजू भराभर रिकामी होते. कर्णधार ग्रेम शिनी चषक उचलतो. तो ॲबर्डीनमध्येच जन्मलेला, बरोबर दहा वर्षांपूर्वी त्याने इन्व्हर्नेसबरोबर हाच कप जिंकला होता. आज आपल्या गावासाठी.

परतीच्या बसमध्ये गाणी स्टर्लिंगपर्यंत टिकतात. मग घसे बसतात. पर्थच्या पुढे मेच्या अखेरीचा तो उत्तरेकडचा लांबलेला उजेड अजून आहे आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक दुसरी गाडी हॉर्न वाजवते. कारभारी पुढे उभा राहून सांगतो की कप जिंकल्यामुळे युरोपातलं किमान डिसेंबरपर्यंतचं फुटबॉल नक्की झालंय, तेव्हा ज्यांना पुढच्या हंगामासाठी बसमध्ये कायमची जागा हवी त्यांनी आत्ताच नाव द्यावं. हात भराभर वर होतात. तो आधी नर्सबाईचं आणि मुलीचं नाव लिहितो, मग आजोबांचं. जानेवारीत न आलेले रांगेत शेवटी.

रविवारी युनियन स्ट्रीटवर उघड्या बसमधून संघाची मिरवणूक निघते आणि सुमारे लाखभर लोक लोटतात. सव्वादोन लाखांच्या आसपास वस्तीचं हे शहर. त्या लाखातले बहुतेक किल्मार्नॉकला गेले नव्हते, आणि त्यात त्यांचा काही गुन्हा नाही. पण ज्या लीगचा निकाल चाळीस वर्षं ग्लासगोतल्या दोन क्लबांच्या तिजोऱ्या ठरवत आल्या आहेत, तिला अजून स्पर्धा म्हणता येतं ते या लाखामुळे नव्हे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ४-० बघून रात्री तीन तासांचा रस्ता कापत घरी येणाऱ्या अर्ध्या भरलेल्या बसमुळे म्हणता येतं. कप तिनेच उत्तरेला आणलाय.